जॅरेलची किंमत, आणि माझी

२२ जुलै
सरावशिबिर सुरू. वजन गेल्या वर्षीपेक्षा थोडं जास्त भरलं. अनुभवाचं असणार.

संकल्प : या मोसमात जागा घ्यायचीच. मैदानात क्वार्टरबॅक, म्हणजे हाताने चेंडू फेकून डाव चालवणारा गडी, एकच खेळतो. दुसरा टोपी घालून रेषेबाहेर उभा राहतो, आणि पहिल्याला काही झालं तर आत जातो. पहिल्याला काही होत नाही. डेटनच्या या व्हीलर्स फुटबॉल संघात मी सहा वर्षं टोपी घालतोय. ती मला शोभते असं मार्नी म्हणते. बायकोला नवऱ्याची टोपी आवडायला लागणं हे लक्षण काही ठीक नाही.

पहिला म्हणजे जॅरेल ऑगल्ट्री. वय तेवीस. मिसिसिपीतल्या कुठल्याशा गावचा, जिथे म्हणे गावापेक्षा मैदान मोठं आहे. इथे त्याचं तिसरं वर्ष. हात चांगला आहे, नाकारत नाही. हात गवंड्यालाही असतो. डोकं लागतं, ते इकडे आहे.

मला 'काका' म्हणतो. मी चौतीसचा आहे!

२५ जुलै
मुलीने, म्हणजे ब्रिनने, वाढदिवसाला व्हीलर्सची जर्सी मागितली. अभिमानाने घेऊन आलो. तिने उलटी करून पाठीवरचं नाव वाचलं आणि म्हणाली, "बाबा, ही तुझीच आहे."
म्हटलं, "मग?"
"जॅरेलची नव्हती का?"
बदलायला गेलो. दुकानदार म्हणाला, हॅव्हरकॅम्प नावाची परत घेता येत नाही, पुढे कोण घेणार. जॅरेलची वेगळी विकत घेतली, माझी स्वतःला घालायला ठेवली. किंचित घट्ट होते.

१ ऑगस्ट
रेडिओवर चर्चा. मोसम संपला की जॅरेलचा नवा करार होऊ शकतो. वर्षाला चार कोटी डॉलर! एक जण म्हणतो, जास्तच मिळतील. दुसरा म्हणतो, अजून पोर कच्चं आहे, मोसम बघून ठरेल. दुसरा शहाणा वाटला.

मला जळण्याचं काही कारण नाही. मी पैशासाठी खेळत नाही. (बरं आहे, कारण तेवढे मिळतही नाहीत.)

संकल्प : पोराला काहीही शिकवायचं नाही. विचारलं तर "कोचना विचार" म्हणायचं. आपण घाम गाळून विहीर खणायची आणि पाणी याने प्यायचं, हे बंद.

२ ऑगस्ट
जेवणाच्या वेळी समोर येऊन बसला. "काका, समोरच्या संघाचे ते मागचे दोघं जागांची अदलाबदल करतात तेव्हा तुम्हाला आधी कसं कळतं?"
म्हटलं, "कोचना विचार."
"विचारलं. ते म्हणाले, रॉडला विचार, त्याला जास्त कळतं."

आता कोचचा शब्द खाली कसा पाडणार! केचपची बाटली, मोहरीची बाटली, मिठाची डबी, सगळं मांडलं. दीड तास गेला. स्वयंपाकघरातली बाई मीठ मागायला आली तेव्हा थांबलो.
उद्यापासून नक्की नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
हरलो. जॅरेलने तीन वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात फेकला. वाईट वाटलं. मी बाहेरून सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होतो, पोराचा धीर सुटू नये म्हणून.

घरी आल्यावर मार्नी म्हणाली, "तिसरा चेंडू गेला तेव्हा टीव्हीवर तू दिसलास. हसत होतास."
"डोळ्यांवर ऊन येत होतं."
"ढग होते, रॉड."

१५ सप्टेंबर
टीव्हीवरचा माझा तो हसतानाचा फोटो ड्रेसिंगरूममध्ये माझ्या कपाटावर कोणीतरी चिकटवलाय. अक्षर टायमनचं वाटतं. टायमन म्हणजे आमचा चेंडू पकडणारा गडी, तोंडाने फार सैल. खाली लिहिलंय, 'शोकाकुल'. आठवडाभर त्याच्याशी बोलणार नाही.

१६ सप्टेंबर
सुट्टी. संध्याकाळी दारावर जॅरेल. मार्नीने मला न विचारता त्याला टेबलाशी बसवलं आणि बटाट्याच्या लगद्यावर चिकन-नूडल्स वाढले. दोनदा घेतले. माझ्या वाट्याचे.

मग ताटाकडे बघत म्हणाला, "काका, हल्ली माझ्याकडे सगळे आकडा असल्यासारखे बघतात. कोच, एजंट, चुलत भाऊसुद्धा. आई पूर्वी मी वाईट खेळलो की फोनवर धुवून काढायची. परवा तीन चेंडू घालवले, तर म्हणते, 'छान खेळलास हो राजा.' तिने घर बांधायला काढलंय. मला शिव्या देणारं आता कोणी उरलेलं नाही."

"ती सोय आपल्याकडे आहे," मी म्हणालो.

हसला नाही. ज्या हातांची किंमत रेडिओवर रोज लावतात, त्या हातांनी रिकाम्या ताटात काटा फिरवत बसला.

खरं म्हणजे हीच वेळ होती. "दोन मॅच विश्रांती घे, मी सांभाळतो" हे वाक्य माझ्याकडे जुलैपासून तयार आहे. तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं भलतंच : "गाढवा, तू जिथे फेकणार तिथेच आधी बघतोस. मागचा माणूस चेंडू बघत नाही, तुझे डोळे बघतो. डोळ्यांनी खोटं बोलायला शीक."

अंधार पडेपर्यंत गॅरेजसमोर त्याला डावीकडे बघून उजवीकडे फेकायला लावलं. शेजाऱ्यांच्या गुलाबाची एक फांदी मोडली. ती मी फेकलेल्या चेंडूने. प्रकाश कमी होता.

झोपताना मार्नी म्हणाली, "छान शिकवतोस तू." मी दिवा मालवला. अशा बोलण्यात डाव असतो.

२८ सप्टेंबर, रविवार
जिंकलो. पोराने डावीकडे बघितलं, मागचा माणूस डावीकडे धावला, चेंडू उजवीकडे. टायमनला रिकामं रान. सगळं स्टेडियम उभं राहिलं. मी बसून होतो, गुडघा धरला होता.

२९ सप्टेंबर
पेपर : 'ऑगल्ट्री परिपक्व झाला.' आत दोन रकाने, आलेखासकट. जन्मजात दृष्टी, असं लिहिलंय. जन्मजात! माझ्या गॅरेजसमोर जन्मलीय ती, मंगळवारी. माझा उल्लेख नाही. जागेअभावी असेल.

१२ ऑक्टोबर
सलग तिसरा विजय. रेडिओवर आकडा वाढला. तो दुसरा शहाणाही उलटला.

रात्रीच्या जेवणात मी हिशेब मांडला, की या वाढीतला निम्मा भाग न्यायाने माझा. मार्नी म्हणाली, "मग जाऊन सांग त्याला."
"त्याने स्वतःहून ओळखावं."
"तो चांगला खेळतोय, हे तू त्याला सांगितलंस का?"
"त्याने स्वतःहून ओळखावं."
ताट उचलून घेऊन गेली. माझं संपलं नव्हतं.

२६ ऑक्टोबर, रविवार
जॅरेलचा घोटा मुरगळला. स्ट्रेचरवरून आत नेला. हाड मोडलेलं नाही, दोन आठवडे विश्रांती. फार वाईट वाटलं. फार म्हणजे फारच. जेवण मात्र व्यवस्थित गेलं.

कोच ड्रिस्कॉल म्हणाले, "रविवारी तू." बाकी काही नाही. मोठी माणसं मोजकं बोलतात.

२९ ऑक्टोबर
निळा सूट घेतला, मॅचनंतर पत्रकारांसमोर बसायला. उत्तरं आरशासमोर तयार केली. 'हा विजय संघाचा आहे.' 'जागा कोणाची हे कोच ठरवतील.' (इथे थोडं हसायचं.) 'जॅरेलबद्दल मला नितांत आदर आहे, तो शिकतोय.'

१ नोव्हेंबर
वडिलांचा आयोवाहून फोन. शेजाऱ्यांना टीव्ही बघायला बोलावलंय म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा. आवाज जड झाला होता त्यांचा. सर्दी असेल.

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
हवा स्वच्छ. हात हलका. आज दाखवतो.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
वारा.

३ नोव्हेंबर
नीट लिहितो.

सुरुवात झकास झाली. त्यात खोटं नाही. समोरचे मिल्वॉकीवाले अंगावर धावून येत होते, मी एक पाऊल मागे सरकलो आणि सोडला. चेंडू बोटांतून सुटला तेव्हाच कळलं. टायमन धावत होता आणि चेंडू त्याच्या हातात जाऊन बसला, पाखरू फांदीवर बसावं तसा. टचडाउन! पन्नास हजार माणसं ओरडली. माझ्यासाठी! टायमनने येऊन मिठी मारली, "म्हाताऱ्या, कुठे लपवून ठेवला होतास हा?" असं म्हणाला. मला रडू येत होतं. हेल्मेट होतं, बरं झालं.

तिथेच मॅच संपायला हवी होती.

पुढचे तीन चेंडू मिल्वॉकीला गेले. पहिला : टायमन चुकीकडे वळला. दुसरा : चेंडू बुळबुळीत. तिसरा : वारा. चौथा त्यांनी पकडला नाही, मोठ्या मनाचे लोक. शेवटच्या सत्रात लोक जॅरेलच्या नावाने गजर करू लागले. तो कुबड्यांवर होता! कुबड्यांवरचा माणूस चालेल, पण मी नको.

तोच जॅरेल कुबड्या टेकत बाकाजवळ आला. खाली वाकून, कोणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाला, "काका, जिथे फेकताय तिथे आधी बघताय."
"मला शिकवतोस?"
"तुमचंच आहे. परत करतोय."

गेलो. डावीकडे बघितलं, उजवीकडे फेकला. बरोबर गेला. तोवर ते एकवीस गुणांनी पुढे होते.

पत्रकारांनी एकच प्रश्न विचारला, जॅरेलचा घोटा कसा आहे. सुटाकडे कोणी बघितलंही नाही.

४ नोव्हेंबर
वडिलांचा फोन. "पहिला चेंडू बघितला आम्ही. मग शेजाऱ्यांची वीज गेली," असं म्हणाले. टीव्ही तर वडिलांच्याच घरी होता.

१६ नोव्हेंबर, रविवार
जॅरेल परतला. जिंकलो. माझी टोपी आत्ता पहिल्यांदाच उबदार वाटली. थंडी पडलीय ना.

१८ जानेवारी
बाद फेरीच्या दुसऱ्या मॅचमध्ये हरलो, पण पोर असं खेळलं की हरूनही त्याचा भाव चढला. शेवटच्या मिनिटात चौघं अंगावर असताना त्याने जे फेकलं, तसं फेकणं मला कधी जमलेलं नाही.
(हे पान फाडायचं.)

२४ फेब्रुवारी
करार झाला. रेडिओवाल्यांचा आकडा कधीच मागे पडलाय. मी इथे लिहिणार नाही, पेन झिजतं.

समारंभाला निळा सूट घातला, कुठेतरी वापरायला हवाच. तिसऱ्या रांगेत बसलो. पोराने आईचे आभार मानले, कोचचे, टायमनचे, स्वयंपाकघरातल्या बाईचे. मी वाकून मोजा वर ओढत होतो, एवढ्यात म्हणाला, "आणि रॉडकाका. मला खोटं बोलायला यांनी शिकवलं." लोक गोंधळले, मग हसले. त्याच्या आईने येऊन मला कवटाळलं आणि म्हणाली, "त्याला ओरडत जा हो. माझ्याने आता होत नाही."

केकचा तुकडा घ्यायला म्हणून बाजूला गेलो. केक अजून कापला नव्हता.

२५ फेब्रुवारी
पेपरात पहिल्या पानावर फोटो : 'जॅरेल ऑगल्ट्री, त्याची आई आणि एक कुटुंबमित्र.'

९ मार्च
माझाही करार या महिन्यात संपतो. जनरल मॅनेजर व्हॅन ड्रेसर यांनी बुधवारी बोलावलंय. पोराचे सही-शिक्के झाले, आता माझी पाळी. दोन वर्षं मागणार. एकावर तडजोड नाही. मार्नीला म्हटलं, पडतं घ्यायचं नसतं. ती म्हणाली, "काहीही म्हणाले तरी लगेच चिडू नकोस." काय म्हणणार आहेत हे तिला माहीत असल्यासारखं.

११ मार्च
निळा सूट.

व्हॅन ड्रेसर चांगलं बोलले. फारच चांगलं. म्हणूनच पहिल्या मिनिटात कळलं. खेळाडू म्हणून करार नाही. माझ्या जागी बावीस वर्षांचा कोणी येतोय, हात चांगला आहे.

मग म्हणाले, "जॅरेलने पैशांव्यतिरिक्त एकच गोष्ट मागितली. रॉडला सोडू नका. क्वार्टरबॅकचा सहायक कोच म्हणून राहशील का?" पगार सांगितला. मी पुन्हा विचारला, कारण आठवड्याचा वाटला. वर्षाचा होता.

मी उभा राहिलो. म्हणालो, हॅव्हरकॅम्प लोक कोणाच्या मेहेरबानीवर जगत नाहीत. अकरा वर्षं खेळलोय मी. इतर संघ आहेत, फोन येतील. विचार करून कळवतो. ते म्हणाले, "सावकाश. शुक्रवारपर्यंत." दार मीच लावलं, जरा जोरात.

खाली गाडीत येऊन बसलो. फोन समोर ठेवला. कोणाचा आला नाही; इतक्या लवकर कसा येईल. समोर सरावाचं मैदान. बर्फ वितळलेलं. जॅरेल एकटाच होता, मोसम नसताना. डावीकडे बघायचा, उजवीकडे फेकायचा. फेकताना खांदा वेळेआधीच बाहेर वळत होता. दहातले सहा चेंडू त्याचमुळे वर जात होते. कोणी सांगत नव्हतं त्याला. एवढे पैसे मोजले आणि खांदा बघायला माणूस नाही.

काच खाली करून ओरडलो, "खांदा, गाढवा!"

त्याने वळून बघितलं नाही. फक्त पुढचा चेंडू बरोबर फेकला.

परत वर गेलो. व्हॅन ड्रेसर जेवायला गेले होते. बाहेर त्यांच्या सेक्रेटरी, मिसेस ओडेल. मी या संघात आलो तेव्हापासून त्याच खुर्चीत आहेत, रोज गुड मॉर्निंग होतं. त्यांना म्हटलं, "साहेबांना सांगा, मी खूप विचार केला. हो म्हणतोय."

"अगदी जरूर," त्या म्हणाल्या आणि पेन उचललं. "कोणी सांगितलं म्हणून सांगू?"

नाव सांगितलं. एकेक अक्षर सावकाश. त्यांनी एक चुकवलं. मी तसंच राहू दिलं.