शून्याचं दरपत्रक

ती. मामांना,
भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा आता नुसता दुखतो की जिना चढताना बोलतोही, ते कळवा. मामींचीही खुशाली लिहा. मी धडधाकट आहे, फक्त अब्रू जरा लंगडतेय.

आपल्या वाचनालयाचे तुम्ही अध्यक्ष, म्हणून आधी तुमच्या कानावर घालते. पुस्तकांच्या नोंदीचं विकतचं सॉफ्टवेअर होतं ना, त्याची वर्गणी भरायला मला चार दिवस उशीर झाला (कपाटं रंगवत होते) आणि कंपनीने आपली अकरा हजार पुस्तकांची यादी बंद करून टाकली. यादी आपली, कुलूप त्यांचं! शेवटी मी जुन्या रजिस्टरांवरून सगळं एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये चढवलं. त्याचं आतलं सगळं उघडं असतं, कुणीही पाहावं, सुधारावं. पहिल्याच आठवड्यात त्याने मुख्याध्यापिकाबाईंच्या नावावर शंभर वर्षांचा उशीर लावला (बाई पंचावन्नच्या). बाई माझ्यावर तणतणल्या, म्हणून मी ते बनवणाऱ्याला वाचनालयाच्या शिक्क्यानिशी नोटीस धाडली: सात दिवसांत लेखी खुलासा करावा! दोन तासांत खुलासा, दुरुस्ती आणि वर माफीसुद्धा आली. कंपनीने तर माझा फोन कधी उचललाच नाही.

मग चौकशी केली. हा गृहस्थ दिवसभर दातांच्या कवळ्या बनवतो आणि संध्याकाळी चौदा वाचनालयांचं सॉफ्टवेअर एकटा सांभाळतो. आजवर कुणी छदाम दिलेला नाही. आता घरखर्च भागेना, म्हणून संध्याकाळीही नोकरी धरणार आणि महिनाअखेर सॉफ्टवेअर बंद करणार. मामा, मला फार लाज वाटली. वस्तू फुकट मिळाली म्हणून आपण माणूसही फुकटात धरला.

त्याला मानधन द्या, असं मी कार्यकारिणीपुढे मांडलं. खजिनदार म्हणाले, "नियम म्हणजे नियम. आधी दरपत्रक मागवा." मागवलं. त्या भल्या माणसाने सॉफ्टवेअरच्या दरापुढे प्रामाणिकपणे शून्य लिहिलं. सर्वांत कमी दर म्हणून ते एकमताने मंजूर झालं, आभाराचा ठरावही झाला (चहा माझ्या पैशाने). मी कपाळावर हात मारला आणि त्याला 'देखभाल व दुरुस्ती' या नावाने दुसरं दरपत्रक भरायला लावलं. कंपनीच्या वर्गणीच्या निम्म्यात बसतंय. बाकीच्या वाचनालयांनाही पत्रं घातली, नऊ तयार आहेत. एकाची अडचण सुटली की चौदा जणांची सुटते, हे त्यांना पटलंय. फक्त पहिलं पाऊल कुणी टाकायचं यावर सगळे एकमेकांकडे बघताहेत.

तब्येतीला जपा.
तुमची धाकटी भाची

ता. क. सोबतच्या देखभालीच्या ठरावावर सही हवी. जागेवर पेन्सिलीने फुली केली आहे. खजिनदार म्हणतात, अध्यक्षांनी केली की मी डोळे मिटून करतो (सभेत ते तसेही मिटलेलेच असतात).

आणखी एक. तुमची सही झाली, असं मी त्याला सोमवारीच कळवून टाकलंय. त्याने संध्याकाळची नोकरी नाकारली आणि आभाराचं पत्र थेट तुमच्या पत्त्यावर पाठवलंय. ते वाचूनही सही करवत नसेल, तर तसं त्याला तुम्हीच कळवा. माझ्याच्याने होणार नाही.