यमूच्या नावापुढची नोंद

चिचगड, चैत्र वद्य पंचमी, मंगळवार, संध्याकाळ

माझ्या यमूला देवी येऊन आज पाच दिवस झाले. अंगावर बोट ठेवायला जागा नाही, डोळे उघडत नाहीत. दुपारी देवी टोचणारे साहेब वही घेऊन आले. कुणाला टोचलं, कुणाला देवी आल्या, हे ते घरोघर लिहून घेतात. टोचलेली मुलं वाचतात हे त्यातूनच कळतं म्हणाले. यमूच्या दंडावर खूण शोधली, पण फोडांत काय दिसणार. शेवटी जुनी नोंद पाहून लिहिलं, टोचूनही देवी आल्या.

ती नोंद खोटी, तरी मी ती लिहू दिली. का दिली?

यमूला टोचलं त्या वेळी साहेबांची पाठ वळताच मीच लस पदराने पुसली होती. वासराला पीडा देऊन काढलेली लस, गोमातेचं पाप लागेल, असं वाटलं. तेच लुगडं फाडून आता यमूचे फोड टिपते आहे. तोच पदर.

शेजारची शेवंता यमूच्या अंगात आलेल्या मातेला पाणी घालायला दारात आली होती, कडेवर तान्हं. साहेबांना म्हणाली, "बाईच्या पोरीले टोचून का झालं? मंग माह्या लेकराले कायले टोचून राहिले?"

साहेब वही मिटून पुढच्या घरी गेले. तिचं उत्तर माझ्याजवळ होतं.

एक-दोन दिवसांत टोचलं तर ते बाळ अजून निभावेल म्हणे, आणि साहेब सकाळी देवरीला निघतात. ह्यांना कळलं तर... कळू दे. आत्ताच शेवंताला घेऊन साहेबांकडे जाते, ती ओळ खोडायला लावते.

माते, यमूसाठी मागायला मला तोंड नाही. ते तान्हं तेवढं टोचून होऊ दे.