पाच कोऱ्या पाट्या

१८ मार्च
सुंगाई केलाडीला सुखरूप पोहोचलो. उतरताच पांढरी कॉफी मिळाली, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवी नोकरी धरल्याबद्दल कॉफीवाल्याची शाबासकीही. येथील कथिलाच्या खाणीत मेलेल्या आमच्या हाक्का चिनी मजुरांची बराक पुन्हा उभी केली आहे, पण विटामातीची नव्हे, संगणकातली. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला की आपण १९१२ सालच्या बराकीत असतो: ओले बूट, भाताचे पातेले, देव्हाऱ्यात मृतांच्या सदतीस नामपाट्या. माझ्याकडे दोन कामे आहेत. नावे तपासणे, आणि कबरी झाडण्याच्या सणापर्यंत प्रत्येक पाटीवर लाल ठिपका देणे. शिकलेल्या वृद्धाने ठिपका दिला की आत्मा पाटीत येतो. तोवर ते नुसते लाकूड.
माझे आजोबा लियाऊ साम न्येन याच खाणीत आले आणि बेपत्ता झाले. आजी मरेपर्यंत त्यांच्यासाठी भाताचा वाडगा मांडत असे. त्यांचे नाव पुराव्यानिशी सापडावे, एवढ्यासाठीच मी होकार दिला.

२३ मार्च
दफनवहीत बत्तीस नावे आहेत. पाच माणसे अज्ञात. त्या पाच पाट्या कोऱ्याच ठेवाव्यात, असे मी कळवले. प्रकल्पप्रमुख फूंग सुक यी म्हणाली की लोकांना वाटेल काम अर्धवट सोडलंय. घाला कुठलीही पाच नावं, मास्तर, हजेरीला मेलेले उभे राहणार आहेत का. मी तीन पानी टिपण दिले. तिने त्यावर चहाचा कप ठेवला.

२७ मार्च
दुसरे टिपण. तेही वाचलेले नाही. ती विचारते, तुम्ही ठिपके द्यायला आलात की खटला लढवायला. आजोबांचे नाव वहीत नाही. त्या पाचांत ते असू शकतील. पण ‘असू शकतील’ म्हणजे ‘आहेत’ नव्हे, हे मी चाळीस वर्षे तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवले.

३० मार्च
सुक यी पाचही पाट्यांवर यंत्राने जुळवलेली नावे घालणार, असे दुपारी कळले. वैतागून मी चष्मा चढवला, पहिल्या कोऱ्या पाटीवर आजोबांचे नाव लिहिले आणि ठिपका दिला. पुरावा शून्य. बाकावरचा एक मजूर उठला. त्याचा एक कान तुटका होता. तो मला ‘नातवा’ म्हणाला.

३१ मार्च
चष्मा काढल्यावरही तो होता. भर दुपारी, माझ्या खाटेवर, गुडघ्यापर्यंत ओला. मागे आणखी चौघे. एकाने अदबीने विचारले, याला कोणत्या पुराव्यावर नाव दिलंत? मग आम्हाला कोणत्या न्यायाने नाकारता?
युक्तिवादात खोट सापडली नाही.

१ एप्रिल
सुक यीला सांगितले. ती म्हणाली, मास्तर, चष्मा फार वेळ लावू नका, चक्कर येते. त्या चौघांना यंत्राची नावे नकोत. ज्यांच्यामागे कुणी रडले आहे, अशी हवीत. माझ्याकडे तशी तीन आहेत. आज वडिलांचे दिले.

२ एप्रिल
काकांचे. भावाचे. पाकिटात या तिघांचा फोटो असतो; त्यात आता तिघे अनोळखी, चिखलाने माखलेले. सुक यी बघून हसली: मास्तर, यांच्यात एकाचंही नाक तुमच्यासारखं नाही. वडिलांचा चेहरा मला आता —

३ एप्रिल
एक पाटी. एक माणूस. दाराशी बसला आहे, घाई नाही. माझ्याकडे एकच नाव उरले. ते ज्याचे आहे तो अजून जिवंत आहे, असा आक्षेप मी घेतला. दाराशी बसलेला म्हणाला, चालेल. चौघांना दिल्यावर पाचव्याला कोणत्या न्यायाने — ब्रश माझ्याच हातात —

४ एप्रिल
सकाळी सुक यीने दारातच अडवले. आजोबा, कुणाला शोधताय? मी माझेच नाव सांगितले. ती म्हणाली, लियाऊ मास्तर केव्हाच आत आलेत, ठिपके देताहेत.
माझे पाय गुडघ्यापर्यंत ओले — आठवते आहे तोवर लिहून ठेवतो. माझे नाव लियाऊ क्ये—