दोन पिशव्या

१४ ऑगस्ट, दुपार

धाकट्या,

ताईचा आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा सोडून. तुझी शर्यत टीव्हीवर पाहिली. घाटात सगळे मागे, तू एकटा पुढे. शेजारीण म्हणाली, "भाऊ आहे की वारा!" टाळ्या वाजवून हात लाल झाले माझे.

आता ऐक. आमच्या प्रयोगशाळेत तुम्हा सायकलवाल्यांचं रक्त येतं, कुणी लबाडी केली का ते तपासायला, ते तुला माहीत आहे. नळीवर नाव नसतं, नुसता आकडा. मी फरशी पुसते आणि तोंड बंद ठेवते. पण काल डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर एक वरखाली रेघ दिसली. विचारलं, हे काय हो? म्हणाल्या, "एका माणसाचं सहा वर्षांचं रक्त, मावशी."

सहा वर्षं! कधी आजारी पडला, कधी डोंगरावर जाऊन राहिला, सगळं त्यात. बाई म्हणाल्या, लबाडीचं औषध शोधत बसायचंच नाही, ते चार दिवसांत अंगातून जातं. त्याचं आजचं रक्त त्याच्याच जुन्या रक्ताशी ताडून बघायचं. दम वाढावा म्हणून बाहेरून रक्त भरलं की अंग नवीन बनवायचं कमी करतं. बरोबरच आहे, आयतं ताट आल्यावर चूल कोण पेटवतो? पण रक्त बनतं त्या हाडांच्या आत बसून कुणीतरी हे सगळं जाणतं रे! अंगावर काटा आला. देवापुढेही कधी आला नव्हता.

माझ्या तोंडून गेलं, "आणि सख्ख्या बहिणीचं भरलं तर?"

बाई हसल्या. "रक्ताला नातं कळत नाही, मावशी. जास्त झालं, एवढंच कळतं."

ती रेघ तुझीच, असं मी म्हणत नाही. मला त्यातलं काय कळतं? पण उन्हाळ्यात तू आलास. म्हणालास, संघातला एक जण आजारी आहे, त्याचा आणि तुझा रक्तगट एकच, ताई. मी दोन वेळा हात पुढे केला, दोन पिशव्या दिल्या. पुढे महिनाभर जिन्यावर धापा टाकल्या. तो आजारी माणूस बरा झाला का, ते तू कधी बोलला नाहीस. मीही विचारलं नाही. तुझा-माझा गट एकच आहे, हे मला काय ठाऊक नव्हतं? होतं. तरी टाळ्या वाजवल्या.

बाईंना अजून काही सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांग, त्यांनी बोलावण्याआधी. रविवारपर्यंत वाट बघते. सोमवारी मी सांगेन, माझ्या दोन पिशव्यांसकट. नोकरी गेली तर गेली.

खरंच आजारी पडलास, तर हा हात तुझाच आहे.

त्या घाटात तुझ्याबरोबर चढलेली,
ताई