हजेरीचा कागद

मॅडम,

तुमच्या परदेशी निधीवर आमचं शिलाई कामगारांचं केंद्र चालतं, म्हणून बैठकीच्या हजेरीवर सह्या हव्यात, हे कळतं मला. पण गेल्या वर्षीचा कागद कारखान्याच्या मालकाच्या हाती लागला आणि त्यावरच्या अकरा जणींना त्याने घरी बसवलं. त्यांत माझी वहिनी होती. सह्या मीच मागे लागून घेतल्या होत्या. तेव्हापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलं.

काल चाळीस जणी आल्या, पण पेनाला कुणी हात लावेना. शेवटी वहिनी उठली.

"आण इकडे. माझं आता कोण काय काढून घेणार?"

वर्षभरात माझ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. एका सहीचा तो कागद कपाटात ठेवलाय. तो तुम्हाला मिळणार नाही, आणि हे पत्रही नाही.

तुमची,
दमलेली केंद्रप्रमुख