विहीणबाईंना आणायला कोल्हारला

भीमराज,

मी सकाळच्या यष्टीनं कोल्हारला चालले, विहीणबाईंना आणायला. हसू नको. वृषालीला बघायला गेलो तवा त्यांनी तिचा चष्मा लपवला, आन पोरीनं चहा कपाऐवजी माझ्या लुगड्यावर वतला. चार वर्सं मी त्यांच्या दारात गेले न्हाई, त्यात माझं काय चुकलं न्हाई. पण आता पुण्यात लेझर करून चष्माच गेला, मग राग कशावर धरू?

तिला चुलीपाशी जाऊ देऊ नको, डोळ्यात धूर जाईल. भाकरी मी केल्यात, कालवण तू कर, हात झिजत न्हाईत. तिनं डोळं चोळलं तर तुला धरीन.

माफी मी मागनार न्हाई. एवढंच म्हननार, चला, तुमच्या लेकीला चष्म्याबिगर तुमचं तोंड बघायचंय.

आई