दोन दिवसांची दुरुस्ती

९ फेब्रुवारी, सोमवार

आज रुजू झाले. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दोन, दोन्ही दुखरे, आणि कचेरीच्या पायऱ्या बत्तीस. तरी सांगते, वर पोचल्यावर बरं वाटलं. सालेलोलोगाच्या बाजाराच्या माडीवर खोली आहे. खालून अळकुड्यांचा ओला वास येतो, खिडकीतून बोटीचा धक्का दिसतो. टेबल आहे, पंखा आहे, संगणक आहे आणि पेनिएली नावाचा एक कारकून आहे. तो बावीस वर्षं बोटीची तिकिटं विकत होता, त्यामुळे या बेटावर कोण कुणाबरोबर पळून गेलं ते त्याला तारखेसकट पाठ. आता सरकारने त्यालाच लोकांची माहिती गुप्त ठेवायला नेमलं आहे.

आपला कोको आणि खोबरेल तेल इंटरनेटवरून विकायचं, तर मोठे देश म्हणतात, आधी तुमच्या माणसांची माहिती जपण्याचा कायदा करा. केला. चौऱ्याण्णव पानांचा. तो अथपासून इतिपर्यंत वाचलेली मी एकटी निघाले, म्हणून सरकारचं बोलावणं आलं. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. चूक शोधायची आणि दुरुस्त करून घ्यायची, एवढंच तर काम आहे. पेनिएली म्हणाला, मिस, इथे माहिती लपवायची म्हणजे चाळणीने भरती अडवायची. त्याला म्हटलं, मग चाळण नीट धर.

मुक्काम गावी, धाकट्या भावाकडे. वाएलुआ आता घराण्याचा मताई आहे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने बोलणारा आणि कुणाचंच न ऐकणारा. राजधानी आपियातल्या चार भिंतींनंतर इथे नुसते खांब. झोपेत कूस बदलली तरी रस्त्याला कळतं. जेवणात पालुसामी होती, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. दोनदा घेतली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दमले. अर्ज तपासून डोळे चुरचुरतात.

‘दूरची टोपली’ नावाचं दुकान आहे. ऑकलंडचा भाचा तिथे फोनवर बोट दाबतो आणि इथे मावशीच्या घरी डबाबंद मांस आणि कोंबड्यांची पेटी येते. छान. पण ज्याची माहिती दुकान ठेवतं त्या प्रत्येकाची स्वतंत्र संमती हवी, हे कलम सात. आमच्याकडे स्वतंत्र काय असतं? एकेका घराण्याचा मताई खाली सही करतो आणि झालं. सर्वांत संतापजनक यादी आमच्याच घरची निघाली. वाएलुआने एक्केचाळीस जणांच्या वतीने संमती दिली आहे. त्यातले बारा जण घरासमोर दगडाखाली आहेत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना विचारलं. तो म्हणाला, ताई, दुकानाने घरातली माणसं विचारली, मी सांगितली. आजोबा घरात नाहीत का? सकाळी त्यांच्यावर तर चटया वाळत घातल्यास. मी म्हटलं, कायदा फक्त जिवंत माणसांचा आहे. तो म्हणाला, मग कायदा अर्धवट आहे. त्याची मुलगी फेतुई हसून हसून ताटावर पडायची राहिली. ही पोरगी सव्वीस वर्षांची झाली, पण पोच नाही.

शेवटी कचेरीत बसून मीच बारा नावांपुढे ‘मृत’ लिहिलं आणि तारखा घातल्या. धाकट्या बहिणीची, सेनेरिताची, तारीख शोधावी लागली नाही. १४ मार्च १९६९. चर्चच्या वहीतही तेव्हा मीच लिहिली होती. घरात माझं अक्षर सर्वांत चांगलं. ती सोळाची होती, मी सतराची.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कचेरीचा पहिला दुरुस्ती अर्ज आज संगणकावर आला. पेनिएलीने आनंदाने ताट वाजवलं. मी चष्मा लावला.

अर्जदार: सेनेरिता. यादीतला क्रमांक: एकोणीस. पत्ता: घरासमोर, तिसरा दगड. मागणी: माझ्या मृत्यूची तारीख चुकीची लिहिली आहे. १४ च्या जागी १६ मार्च करावी.

एवढंच. पेनिएलीला वाटलं मी रागावले. हो, रागावलेच आहे. कायद्याप्रमाणे एकवीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, अर्ज कितीही चावट असला तरी. म्हणजे १३ मार्चपर्यंत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

फेतुईला फैलावर घेतलं. ती म्हणाली, आत्या, मला तर सेनेरिता आत्या कधी वारली तेही माहीत नाही, इथे कुणी तिचं नाव काढतं का? मग रडली. खोटं बोलताना ती रडत नाही, हसते. हे मला ठाऊक आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अर्ज फेटाळला. कारण दिलं: कलम दोननुसार व्यक्ती म्हणजे जिवंत व्यक्ती, अर्जदार जिवंत नसल्याने अधिकार नाही. सही, शिक्का. पेनिएली म्हणाला, मिस, मेलेल्या माणसाला तू मेला आहेस असं कळवणारी आपली पहिलीच कचेरी. हसले मीसुद्धा. पायऱ्या उतरताना गुडघे जास्तच दुखत होते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते:

‘अर्ज फक्त १४ ते १६ मार्च या दोन दिवसांपुरता आहे. त्या दोन दिवसांत मी जिवंत होते. सबब कलम दोन लागू होते.’

मुद्दा बरोबर आहे. असा मुद्दा आमच्या शाळेत एखादीच मुलगी काढायची. सेनेरिता काढायची. मदर बेनेदिक्ता म्हणायच्या, लोइमाता, म्हणजे मी, पाठ करते, सेनेरिता विचार करते.

दिवसभर काही खाल्लं नाही. पेनिएलीने पुढ्यात ठेवलेला कोको गार झाला.

२ मार्च, सोमवार

संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला की गाव थबकतं. रस्त्यावर कुणी चालायचं नाही, चाललं तर गावाचा दंड. आम्ही सगळे चटईवर मान खाली घालून बसलो होतो. वाएलुआ प्रार्थना म्हणत होता. त्याने श्वास घ्यायला थांबावं आणि नेमका तेव्हाच आवाज यावा. ठक. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग ठक.

समोरून. दगडांकडून.

प्रार्थना संपल्यावर विचारलं, ऐकलंस? वाएलुआ म्हणाला, नीरफणस पडला असेल, ताई.

हेच शब्द. अगदी हेच.

३ मार्च, मंगळवार

सकाळी जाऊन पाहिलं. झाडाखाली एकही फणस पडलेला नाही.

६ मार्च, शुक्रवार

कधीतरी लिहायलाच हवं. वही माझी आहे, कुणी वाचणार नाही.

ती चार आठवडे तापाने पडून होती. मी शुश्रूषा करत होते. मला शिष्यवृत्ती मिळाली होती, बोट १५ मार्चला पहाटे सुटणार होती. वडील म्हणाले होते, बहीण अशी पडलेली असताना तू कुठे जाणार, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी जागा कुणी ठेवत नाही, हे त्यांना कुठलं माहीत असणार.

१४ ला सकाळी ती हलेना. हाक मारली, नाही. मी आरसा आणला, शाळेत शिकवलं होतं तसा नाकासमोर धरला. वडिलांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. आरसा किती वेळ धरला होता ते मला आठवत नाही. खोटं. आठवतं. फार थोडा वेळ. मला खात्री नव्हती, मला घाई होती.

संध्याकाळच्या शंखाआधी दगड बसवले. दुसऱ्या दिवशी पहाटे पेटी डोक्यावर घेऊन मी तिथून गेले. आतून आवाज आला. ठक. ठक. मी थांबले. पाच पावलांवर बाबा होते. सांगता आलं असतं. मी म्हटलं, नीरफणस पडला असेल. आणि चालू लागले, कारण बोट भोंगा देत होती.

सत्तावन्न वर्षं झाली. जन्मभर मी मुलींच्या वह्यांतल्या चुका लाल शाईने दाखवत आले.

१० मार्च, मंगळवार

तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. कंटाळा आला आहे, भीतीचाही कंटाळा येतो. घराला भिंत असती तर पाठ टेकून बसले असते. इथे चारी बाजूंनी उघडं. झावळ्यांचे पडदे सोडले तर वाएलुआ विचारतो, पाऊस नाही, वारा नाही, पडदे कशाला?

दुरुस्ती मान्य केली तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं तर ते सरकारी वहीत जाईल, वाएलुआ वाचेल, गाव वाचेल, माझ्या हाताखाली शिकलेल्या सगळ्या वाचतील. या बेटावर काय लपतं?

आज फेटाळला. दुसऱ्यांदा. कारण: पुराव्याचा अभाव. आरशावर वाफेची खूण नसताना माणूस जिवंत असू शकतो, याचा कोणताही पुरावा अर्जदाराने दिलेला नाही.

हे वाक्य मी लिहिलं. माझ्या सुंदर अक्षरात सही केली.

११ मार्च, बुधवार

उत्तर:

‘पुरावा १४ तारखेला सादर करीन.’

१२ मार्च, गुरुवार

‘दूरची टोपली’ची पेटी घरी आली. माझ्या नावावर. फेतुईने उघडली, तिला वाटलं बिस्किटं. आत हातातला एक आरसा. बाकी काही नाही.

पेनिएलीने दुकानात फोन केला. पाठवणारं गिऱ्हाईक ऑकलंडचं नाही, इथलंच आहे म्हणाले. क्रमांक एकोणीस. पेनिएली या वेळी विनोद करीना. म्हणाला, मिस, तुम्ही आपियाला जा, तिथे दारं असतात.

फेतुईला आरसा आवडला. तिने खांबाला टांगला.

१३ मार्च, शुक्रवार

एकविसावा दिवस. सकाळी सातला कचेरी उघडली. मान्य करायचं ठरवलं. सगळं लिहिलं — बोट, आरसा, फणस — पूर्ण पानभर. सोळा तारीख टाकली. बटण दाबलं.

संगणक घेईना. दोनदा फेटाळलेला अर्ज अधिकाऱ्याला पुन्हा मान्य करता येत नाही. कलम तेहतीस. रुजू झाले त्याच आठवड्यात हे कलम मी पेनिएलीला तीनदा म्हणायला लावलं होतं.

आपियाला फोन केला. तिथली पोरगी म्हणाली, बाई, सोमवारी बघू.

सोमवारी १६ तारीख आहे.

पाठीतून थंडी भरते. पेनिएलीने घरापर्यंत आणून सोडलं. शंख वाजायच्या आत.

प्रार्थनेच्या वेळी रस्त्यावर पावलं. त्या वेळी कुणीच चालत नाही. मी मान वर केली नाही. कुणीच केली नाही. पावलं आली, दगडांपाशी थांबली नाहीत —

१४ मार्च

उठता येत नाही. पाय जड — नाही, पायच नाहीत असं. वही रात्रीपासून हाताखालीच. हात तेवढा हलतो, चादरीखाली, बोटाएवढा.

वाएलुआने हाक मारली. ताई. ताई, ऊठ. मी ओ दिली. दिली मी. त्याला ऐकू —

फेतुई रडते. खरं रडते आहे.

पेनिएली आला. म्हणतो, मिस, सुट्टीच्या दिवशी तरी — आणि तोंड फिरवतो.

चटया आणल्या. बायका आल्या. वाएलुआ म्हणतो, ऊन फार आहे, शंखाआधी आटपू. तिसऱ्या दगडाशेजारी. जागा आहे म्हणतो.

आरसा. कुणीतरी म्हणालं. खांबावरचा. फेतुईने आणला. मी श्वास सोडते. बघ गं. सोडते आहे. पुन्हा. काच स्वच्छ आहे —

थोडा वेळ अजून धर. फेतुई, घाई करू नकोस, थोडा वेळ —

तिच्या मागे कोणी उभं आहे. सोळाची. केसांत माती. माझ्याकडे बघत नाही. आरशाकडे बघते. वाकून, नीट.

वाएलुआ विचारतो, नक्की? फेतुई म्हणते, नक्की.

चर्चची वही आली. कुणाचं अक्षर चांगलं आहे विचारतात. तारीख सांगतात, लिही चौदा — नाही, वाएलुआ, चौदा नको, सोळा लिही, अजून दोन दिवस, अजून दो